नाक त्याचं, फिनेल माझं

एका माणसाच्या नाकावर मी आयुष्यभर जळलो. पैशावर नाही, रूपावर नाही, नाकावर. दिसायला ते नाक काही खास नव्हतं. जरा बसकंच होतं, आणि पावसाळ्यात त्याला सर्दी व्हायची. पण सर्दी झालेली असतानाही त्याला जे कळायचं ते मला, धडधाकट नाक असून, कधी कळलं नाही. आता तो माणूस नाही. त्याच्यामागं त्याची बदनामी करावी म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. त्याच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही मला सापडलं असतं, तर माझं निम्मं दुखणं तेव्हाच बरं झालं असतं.

जव्हार संस्थानात तेव्हा नवे नियम आले होते. इंग्रजी मुलखात नासकं आणि भेसळीचं अन्न जप्त करायचा कायदा झाला होता, त्याच्याच धर्तीवर आमच्याकडेही निघाला. बाजारात विकायला आलेलं अन्न कुजकं, किडकं, भेसळीचं आढळलं तर सरकारनं ते उचलायचं, दोन पंच बोलावून पंचनामा करायचा आणि माल गावाबाहेर खड्ड्यात टाकायचा. वरून फिनेल ओतायचं, म्हणजे कुणी उकरून पुन्हा विकायला नको. हे सगळं खातं दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांकडे होतं. त्यांनी दोन उमेदवार घेतले, एक तो आणि एक मी. वर्षभर दोघांनी मिळून काम करायचं, आणि वर्ष संपताना दोघांतला एक बाजार तपासनीस म्हणून कायम व्हायचा. उरलेल्यानं त्याच्या हाताखाली राहायचं, नाहीतर घरची वाट धरायची. डॉक्टरसाहेबांनी हे पहिल्याच दिवशी दोघांना शेजारी उभं करून सांगितलं. तो हसून माझ्याकडे बघत म्हणाला, "कुणीही होवो, आपण भांडायचं नाही हं." मी "छे, भांडायचं कसलं" म्हणालो आणि त्याच क्षणापासून त्याचा दुस्वास करायला लागलो.

ती जागा मला हवीच होती. मी खोडाळ्याकडचा, म्हणजे संस्थानच्या हद्दीबाहेरचा, इंग्रजी मुलखातला. उतारावरच्या नागलीवर आणि खाचरातल्या मूठभर भातावर जगणाऱ्या घरातला. मराठी सातवीची परीक्षा पास झालेला आमच्या पाड्यावरचा मी पहिलाच. धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून जव्हारात आलो तेव्हा मागचं सगळं हद्दीपलीकडे ठेवून आलो. घरी काय पिकतं, काय खातात, कुणी विचारलंच तर मी गोलमोल उत्तर द्यायचो, जव्हारात लग्न करून आणलेल्या बायकोलासुद्धा. तपासनिसाला पितळी बिल्ला मिळणार होता. तो छातीवर लावून एकदा खोडाळ्याच्या बाजारातून चालायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. आज ते सांगतानाही लाज वाटते, पण होतं ते होतं.

तो वसईकडचा. मामाच्या किराणा दुकानात लहानाचा मोठा झालेला. पहिल्याच आठवड्यात जव्हारच्या बाजारात एका दुकानासमोरून जाताना तो थबकला आणि तुपाच्या बंद डब्याकडे बोट करून म्हणाला, "शेठ, हा उघडता का जरा?" दुकानदार शपथा घ्यायला लागला. मी डब्याला नाक लावलं. मला पत्र्याचा वास आला. डबा उघडला तर वर चार बोटं रवाळ तूप, आणि खाली जे काही होतं त्याच्या वासानं बघ्यांनी पदर नि उपरणी नाकाला लावली. डॉक्टरसाहेबांच्या कानावर ते जायला संध्याकाळही लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. मी उभाच होतो. दुसरी खुर्ची दवाखान्यात नव्हती हे मला माहीत आहे, पण ती त्याला दिली, मला नाही, हेही मला माहीत आहे.

मग त्याचं नावच झालं. सुके बोंबील विकणाऱ्या बायका त्याला लांबून येताना बघून पाट्या झाकायच्या. दूधवाले वाट बदलायचे. मी एकटा बाजारात गेलो की कुणाची काही हालचाल नाही, उलट "या, चहा घ्या" म्हणायचे. मीही एकदा पराक्रम करायचं ठरवलं. एका वाण्याच्या दुकानात गुळाची काळपट ढेप दिसली. मी ती बुरशी आलेली म्हणून उचलली, पंच बोलावले, पंचनामा केला आणि ढेप घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी ढेपेचा खडा फोडला, तोंडात टाकला, दुसरा खडा माझ्या हातावर ठेवला. "खा," म्हणाले. मी खाल्ला. गूळ गेल्या सालचा होता, काळा पडला होता, आणि उत्तम होता. तो शेजारी खुर्चीवर बसला होता. हसला नाही. हसला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

घरातही त्यानं मला सुख लागू दिलं नाही. "एकटे राहतात बिचारे, एकदा जेवायला बोलवा," असं बायकोनंच सांगितलं. तो आला, पाटावर बसला, आमटीचा पहिला भुरका घेतला आणि म्हणाला, "वहिनी, हिंग नवा आणलात वाटतं?" माझी बायको नव्या नवरीसारखी लाजली. मी इतकी वर्षं तिची आमटी जेवत होतो, हिंग कधी संपतो आणि कधी येतो याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून घरात प्रत्येक गोष्टीला "भाऊजींना विचारा" सुरू झालं. लोणचं बिघडलं का, भाऊजींना विचारा. तेल जुनं आहे का, भाऊजींना विचारा. मी म्हणालो, "अगं, मीही त्याच खात्यात आहे." ती म्हणाली, "हो, पण तुम्ही फिनेल ओतता ना?" तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि खरंच तसं होतं. नाक त्याचं, फिनेल माझं, अशी आमची वाटणी पडली होती.

बायको पाण्याला गेली की मी डोळे मिटून डबे हुंगायचो. हळद, जिरं, गोडेतेल, शिळं तेल. ओळखायचा सराव करायचा म्हणून. मिरचीपुडीच्या डब्यापाशी सराव संपला. दोन दिवस डोळे लाल होते, आणि त्यानंच काळजीनं विचारलं, "डोळे आलेत का हो?"

भादवा सरत आला होता. डोंगरातल्या घरांना हे दिवस वाईट. जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं शेतात हिरवं असतं. साखरशेतच्या वाटेवर ओढ्याकाठी तेव्हा आठवड्याचा लहानसा बाजार भरायचा. तिथं आम्हाला पाठवलं. डॉक्टरसाहेबांनी आपलं तट्टू त्याला दिलं. मला आणि सोबतच्या शिपायाला पाय होते. शिरपामाळाच्या खालून आम्ही चाललो, पुढं तट्टूवर तो, मागं चिखल तुडवत मी, माझ्या हातात फिनेलचा डबा, शिपायाच्या खांद्यावर कुदळ. तो मधूनमधून तट्टू थांबवून म्हणायचा, "तुम्ही बसा ना आता थोडं." मी म्हणायचो, "नको, मला चालायची सवय आहे." मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

बाजारात विशेष काही नव्हतं. मीठ, मिरच्या, सुकी मासळी, बांगड्या, पत्रावळींसाठी कुड्याच्या पानांचे भारे, लाकडाच्या मोळ्या. त्यानं दोन पाट्या मासळी बाजूला काढली, बस. आता परतायचं, असं मला वाटत असतानाच तो ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला. "काहीतरी कुजतंय," म्हणाला.

आणि इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो वास मला त्याच्या आधी आला होता. वर्षभरात पहिल्यांदा आणि शेवटचं माझं नाक त्याच्या पुढं होतं. मला वास आला होता, आणि तो कशाचा हेही कळलं होतं, कारण त्या वासात मी वाढलो होतो.

कडूकंद. डोंगरात उगवणारा रानकंद. तो खणून आणायचा, सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दोन रात्री पाणी त्यातून वाहायला पाहिजे. त्या वेळात त्याला आंबूस, कोंदट वास सुटतो, चकत्या बुळबुळीत होतात, आणि परक्या माणसाला वाटतं, हे कुजलं. पण कुजत नसतं, कडू जात असतं. माझी आई तिसऱ्या दिवशी एक चकती जिभेच्या टोकाला लावून बघायची आणि आम्ही भावंडं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. तिनं मान हलवली की मिठात उकडून खायचं. नाही हलवली तर टोपली परत पाण्यात आणि आम्ही उपाशी. कारण कडू राहिलेला कंद विषच. आधी घशाला खाज, मग ओकाऱ्या, मग भोवळ.

ओढ्यात पाच-सहा टोपल्या होत्या, वेलीनं दगडांना बांधलेल्या. तो धोतर वर खोचून पाण्यात उतरला, एक टोपली वर काढली, चकती बोटांत घेतली, हुंगली आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात बाजारातून एक बाई धावत आली. डोक्यावरची मोळी तिनं वाटेतच टाकली होती. मागं सहा-सात वर्षांची एक मुलगी होती, आईच्या लुगड्याचा काष्टा धरून.

"त्याला हात नको लावू रं," बाई म्हणाली. "कालच टाकलाय. कडू नाय गेलं आजून."

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, राजालाही म्हणतील. तो ते मनावर घेणारा नव्हता. तो समजुतीनं म्हणाला, "बाई, हे नासलंय. हे विकता येणार नाही."

"इकायला नाय. आमी खातो."

"बाजाराशेजारी पाण्यात बुडवून ठेवलंय, आणि विकायला नाही?" त्याचा तरी काय दोष? त्याच्या किनाऱ्यावर नासका माल पाण्यातून काढून ताजा करून विकणारे त्यानं पाहिले होते. बाईनं पुन्हा सांगितलं, राख घालतो, पाण्यात ठेवतो, मग खातो. तिच्या मागं पाड्यावरचे आणखी दोघेतिघे येऊन उभे राहिले, पण शिपायाचा पट्टा बघून कुणी तोंड उघडेना. तो घोटाळला. हातातल्या चकतीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"तुम्ही इकडचे," तो म्हणाला. "असं खातात का हो हे? तुम्ही सांगाल तसं करू."

वर्षभर ज्याची मी वाट बघत होतो ते माझ्यापुढं आलं होतं. त्याला कळत नव्हतं आणि मला कळत होतं. त्यानं मला विचारलं होतं, चारचौघांत. मी एवढंच म्हणायचं होतं, हो, खातात, मी स्वतः खाऊन वाढलोय.

पण तेच माझ्या तोंडून निघेना. मी कंद खाऊन वाढलोय हे याला सांगू? हा घरी येऊन माझ्या बायकोसमोर हिंगाचं कौतुक करणार, आणि मी भादव्यात काय खायचो हे तिला याच्याकडून कळणार? ही झाली लाज. लाजेच्या खाली दुसरं होतं. मला दिसलं की हा आता चुकणार आहे. आज हे उचलणार, उद्या पाड्यावरची माणसं जव्हारात रडत जाणार, चांगलं अन्न फेकलं म्हणून डॉक्टरसाहेबांसमोर ओरडणार, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या नाकवाल्याच्या हातावर कुणीतरी कंदाची चकती ठेवून म्हणणार, खा. गुळाचा खडा मी अजून विसरलो नव्हतो.

"मला नाही बुवा माहीत," मी म्हणालो. "आमच्याकडे भात आणि नागली."

त्यानं मान हलवली. पंचनामा झाला. पंच दोघंही मीठ-मिरचीचे व्यापारी. त्यांना एवढंच हवं होतं की आमची नजर त्यांच्या पोत्यांकडे वळू नये. त्यांनी सह्या ठोकल्या. टोपल्या उचलल्या तेव्हा बाई ओरडली नाही, भांडली नाही. फक्त मुलीला म्हणाली, "चल." मुलगी टोपल्यांच्या मागून चालायला लागली, तिला दोनदा ओढून न्यावं लागलं.

बाजारालगतच्या माळाच्या कडेला खड्डा खणला. तो तट्टूवर बसून पुढं निघाला, त्याला डॉक्टरसाहेबांना लगेच कळवायचं होतं. शिपाई कुदळ घेऊन वाटेला लागला. मी फिनेलचा डबा घेऊन खड्ड्यापाशी राहिलो. खड्ड्यात पांढऱ्या चकत्यांचा ढीग होता. कारवीच्या झुडपाआड ती बाई उभी होती, मला दिसत होती. मी डबा उघडला आणि फिनेल खड्ड्यात न ओतता शेजारच्या गवतावर ओतून टाकलं.

दया होती का? होती थोडी. तिच्या पोराबाळांच्या तोंडचं मी काढलं होतं, ते परत मिळावं असं वाटलं. पण उरलेलं खरं सांगायचं तर, तक्रार होईल तेव्हा दाखवायला माल चांगला राहावा, असाही माझा हिशोब होता. दया करता करता त्याची फजितीही पदरात पाडून घ्यायची, एका दगडात दोन पक्षी. हे पुन्हा पाण्यात टाक, अजून एक रात्र, असं तिला सांगायला फार तर दहा पावलं जावं लागलं असतं. पण सांगितलं असतं तर मला हे माहीत होतं, हे तिला कळलं असतं. शिवाय तिला काय सांगायचं, तिचंच काम ते, असं मी मनाला म्हणालो आणि चालायला लागलो. त्या दिवशी जव्हारपर्यंतची वाट मला जाणवलीही नाही. मी गुणगुणत होतो, असं शिपायानं नंतर सांगितलं.

दोन दिवस मी तक्रारीची वाट बघितली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुणी पाड्यावरचं दिसलं की माझं काळीज आनंदानं धडधडायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी खरंच एक माणूस धापा टाकत आला. मी पुढं झालो. "काय तक्रार आहे?" म्हणून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "माणसं वकतात. पाच जण पडल्यात."

डॉक्टरसाहेब आणि तो औषधांची पेटी घेऊन गेले. मला दवाखान्यात बसवलं. दिवसभर मी बाकावर बसून होतो आणि काय झालं असेल ते मला समजत होतं. त्यांनी खड्ड्यातून कंद काढला. शिपाई परत येईल, पुन्हा उचलून नेईल, या भीतीनं ओढ्यात ठेवला नाही. मडक्यातल्या पाण्यानं दोन-चारदा धुतला असेल, उकडला असेल आणि खाल्ला. तशी चूक एरवी त्या पाड्यावर कुणी केली नसती.

दुपार कलताना ते परतले. चार जण वाचले. एक मुलगी गेली. कुठली, ते डॉक्टरसाहेबांनी सांगायच्या आधी मला कळलं होतं.

ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. पहिला विचार आला: म्हणजे आता कायम होणार तो हाच. मुलीचा विचार त्याच्यानंतर आला. फार वेळानं नाही, पण नंतर आला.

आणि तसंच झालं. "तुमच्या नाकानं जे ओळखलं ते त्या लोकांनी ऐकलं असतं तर," डॉक्टरसाहेब त्याला म्हणाले. खड्ड्यातलं नासकं खाऊन माणसं आजारी पडली, एक पोर दगावली, याहून वेगळं कशाला कोण शोधतंय? मला त्यांनी एकच विचारलं, "फिनेल ओतलं होतं ना?" मी म्हणालो, "हो साहेब." पावसानं ते धुऊन गेलं असणार, असं म्हणून त्यांनी पावसाला दोष दिला. त्याचा पंचनामा दिवाणांपर्यंत गेला, आणि दसऱ्याच्या आधी बिल्ला त्याच्या छातीवर आला. मी त्याच्या हाताखाली राहिलो. बिल्ला मिळाला त्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांगू? मला त्या दिवशी खात्री नव्हती. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून धीर आला. हा बिल्ला निम्मा तुमचा आहे." त्याचे डोळे भरून आले होते. बायकोनं त्या संध्याकाळी त्याच्यासाठी शिरा केला. मी तो खाल्ला आणि चांगला झालाय म्हणालो.

दसरा होऊन गेल्यावर ती बाई दवाखान्यात आली. त्या दुखण्यातून तिचा नवरा उठला होता, पण त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं, त्याचं औषध न्यायला. दुपारची वेळ होती, पडवीत मी एकटाच होतो. आत तो डॉक्टरसाहेबांशी बोलत होता, त्याचा आवाज बाहेर येत होता. मी बाटली भरून दिली. ती जाईना. पायरीवर टेकली.

"तू दवा नाय वतलास," ती हळूच म्हणाली. "मी बघितलं. आमच्यासाठी ठेवलंस. कुणाला सांगणार नाय मी."

मी हातातलं नरसाळं पुसत राहिलो.

"तुजा काय दोस नाय. आमीच घाई केली. पोर रडत होती भुकेची. पाणी पुरं नाय लागलं." तिनं आतल्या आवाजाकडे मान केली. "त्या सायबाला बराबर वास आला. कडू हाय आजून, ते त्याला कळलं. त्याचं नाक देवाचं हाय. त्याचं ऐकायला पायजे होतं."

मी गप्प राहायला हवं होतं. ती उठलीच होती, बाटली तिच्या हातात होती, दोन पायऱ्या उतरली असती की संपलं असतं. पण माझ्या डोक्यात सणक गेली. डॉक्टर, दिवाण, बाजार, माझी बायको, सगळ्यांनी त्या नाकाची आरती ओवाळून झाली होती. आणि आता हीसुद्धा! जिची मुलगी गेली, तीसुद्धा त्याचंच कौतुक करणार?

"त्याला काय कळलं होतं, कपाळ!" मी म्हणालो. "त्याला कुजलेला वाटला तो. कडूकंद जन्मात बघितला नव्हता त्यानं. वास मला आला होता. त्याच्या आधी मला आला होता. मी लहानपणापासून खाल्लाय तो, दोन रात्री पाण्यात ठेवतात, मला माहीत नाही होय?"

बोलून गेलो तेव्हा मला क्षणभर फार बरं वाटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली नव्हती. जोडाजोड करत होती, ओढा, टोपली, त्याचा प्रश्न, माझं उत्तर.

"त्यानं तुला इचारलं तवा," ती म्हणाली, "मी तुज्याच तोंडाकडं बघत होते."

मग तिनं औषधाची बाटली माझ्यापुढं बाकावर ठेवली आणि रिकाम्या हातानं पायऱ्या उतरून गेली.